बिंदू, रेषा, प्रतल: आकृतीला न भुलता गृहपाठ कसा सोडवायचा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या सहावीच्या गणितात आणि नववीच्या गणित भाग २ मध्ये 'भूमितीतील मूलभूत संबोध' हे प्रकरण येतं. आकडेमोड फारशी नाही, आकृत्या साध्या, म्हणून मुलं ते चटकन उरकून पुढे जातात. आणि चाचणीत 'चूक की बरोबर ते सकारण लिहा' या प्रश्नात नेमके इथलेच गुण जातात. शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला कारण जवळजवळ नेहमी एकच सापडतं. मूल आकृतीत जे दिसतंय ते उत्तरात लिहितं, प्रश्नात काय दिलंय ते वाचत नाही. या लेखात मी गृहपाठ सोडवायची जी पद्धत सांगतोय, ती सगळी या एका सवयीवर उपाय म्हणून आहे. पालकांनी मुलाशेजारी बसून वाचला तर जास्त उपयोग होईल.

व्याख्या पाठ करायच्या आधी

'सर, बिंदू म्हणजे नक्की काय?' हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका, प्रश्न फार चांगला आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने 'ज्याला भाग नाही तो बिंदू' अशी सुरुवात केली होती. पण मग भाग म्हणजे काय? त्याचीही व्याख्या करायची म्हटलं तर आणखी शब्द लागतात, आणि ही साखळी संपत नाही. १८९९ मध्ये जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीची मांडणी नव्याने केली, तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल (सपाट पृष्ठभाग) या तिन्हींची व्याख्या करायचीच नाही असं ठरवलं. त्यांचं एकमेकांशी नातं काय, एवढेच नियम दिले. शाळेतली भूमितीही आज याच वाटेने जाते.

याचा गृहपाठात सरळ उपयोग आहे. 'बिंदूची व्याख्या लिहा' असं आलं तर 'बिंदू ही अव्याख्यात संज्ञा आहे, तो स्थान दाखवतो, त्याला लांबी, रुंदी, जाडी नसते' एवढं लिहावं. बाकी सगळी ताकद नियमांवर लावावी. नियम मोजकेच आहेत.

वहीत नावं कशी लिहायची

इथे दोन मिनिटं जास्त घालवली तरी चालतील. पुस्तकात बिंदूला इंग्रजी मोठं अक्षर असतं, रेषेला छोटं. मी या लेखात अ, ब, क अशी नावं घेतोय, वहीत तुम्ही पुस्तकातलीच ठेवा.

समजा एका रेषेवर अ, ब, क हे तीन बिंदू याच क्रमाने आहेत. आता या एका आकृतीवर किती प्रश्न निघतात बघा. रेषेला किती नावं देता येतील? रेषा अब, बअ, अक, कअ, बक, कब अशी सहा, आणि सहाही नावं त्याच एका रेषेची. रेषाखंड किती? रेख अब, रेख बक, रेख अक असे तीन. रेख अब आणि रेख बअ हा एकच रेषाखंड, त्यामुळे तो दोनदा मोजायचा नाही.

किरणांपाशी घोटाळा होतो. किरण अब म्हणजे अ पासून निघून ब च्या दिशेने न संपता जाणारा. त्याच वाटेवर पुढे क आहेच, म्हणून किरण अब आणि किरण अक एकच. पण किरण बअ वेगळा, कारण त्याचा आरंभबिंदू ब आहे आणि तो उलट दिशेला जातो. या तीन बिंदूंच्या नावांनी लिहिता येणारे वेगवेगळे किरण चारच: अब, बअ, बक, कब. मुलं सहा लिहून येतात. त्यातले बअ आणि बक हे विरुद्ध किरण, कारण आरंभबिंदू एकच आणि दोघांची मिळून एक रेषा होते.

किरणाचं नाव लिहिताना आरंभबिंदू पहिला. हा नियम मोडला की उत्तर चुकलंच, बाकी समज कितीही पक्की असो.

प्रतल दाखवायला आपण समांतरभुज चौकोन काढतो. तो फक्त खूण म्हणून काढलेला असतो. प्रतलाला कड नाही, ते सर्व बाजूंनी अमर्याद पसरलेलं आहे. त्यामुळे 'बिंदू प चौकोनाच्या बाहेर काढलाय, म्हणजे तो प्रतलात नाही' हा निष्कर्ष चुकीचा. प्रतलात आहे की नाही हे प्रश्नातल्या शब्दांवरून ठरतं.

बिंदू दिले, रेषा किती?

नियम असा: दोन भिन्न बिंदूंमधून एक आणि एकच रेषा जाते. एका बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात.

चार बिंदू दिले आणि 'त्यांतून किती रेषा काढता येतील' असं विचारलं, तर लगेच सहा लिहू नका. आधी विचारा, त्यांतले तीन एका रेषेत आहेत का? कोणतेही तीन एकरेषीय नसतील तर सहा रेषा. तीनच एकरेषीय असतील तर चार, कारण त्या तिघांतून निघणाऱ्या तीन जोड्यांची एकच रेषा होते. आणि चारही एकरेषीय असतील तर एक. प्रश्नात काहीच म्हटलं नसेल तर तिन्ही शक्यता लिहाव्यात.

मोठ्या संख्येसाठी: बिंदू ८ असतील आणि कोणतेही तीन एकरेषीय नसतील तर ८ × ७ ÷ २ = २८ रेषा. प्रत्येक बिंदू उरलेल्या सातांशी जोडला जातो, पण प्रत्येक रेषा दोन्ही टोकांकडून मोजली जाते, म्हणून दोनने भागायचं. हा २८ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रतल कशाने ठरतं

हा भाग वहीतून समजत नाही. उठून घराच्या दारापाशी जा.

दार चौकटीला बिजागऱ्यांनी धरलेलं असतं. वरची बिजागरी आणि खालची बिजागरी हे दोन बिंदू समजा. दोघींमधून जाणारी उभी रेषा पक्की आहे. तरीही दार हलतं: बंद, अर्धवट उघडं, सताड उघडं. प्रत्येक स्थिती म्हणजे त्याच रेषेतून जाणारं एक वेगळं प्रतल. म्हणजे एका रेषेतून असंख्य प्रतलं जातात, हे डोळ्यांनी दिसलं. दोन्हींच्या मध्ये तिसरी बिजागरी बसवली तरी काही फरक पडत नाही, दार तितकंच हलतं, कारण तिसरा बिंदूही त्याच रेषेवर आहे. आता कडी लावा. कडी त्या रेषेच्या बाहेर आहे, आणि दार एका जागी थांबलं. तीन नैकरेषीय, म्हणजे एका रेषेत नसलेल्या, बिंदूंनी एकच प्रतल ठरलं.

नियमातल्या 'नैकरेषीय' या अटीला किती वजन आहे हे मुलाला इथे जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. तिसरी बिजागरी आणि कडी यांच्यातला फरक त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

प्रतल ठरण्याचे चार मार्ग आहेत:

- तीन नैकरेषीय बिंदू
- एक रेषा आणि तिच्या बाहेरचा एक बिंदू
- एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा
- दोन समांतर रेषा

पाठ करताना चारही वेगळे वाटतात, पण खालचे तीन पहिल्यातूनच निघतात. रेषेवरचे दोन बिंदू आणि बाहेरचा एक घेतला की तीन नैकरेषीय बिंदू झालेच. छेदणाऱ्या रेषांत छेदनबिंदू आणि दोन्हींवरचा आणखी एकेक बिंदू घ्या. समांतर रेषांत एकीवरचे दोन, दुसरीवरचा एक. तेव्हा अडलात तर तीन बिंदू शोधा.

चौथा बिंदू आला की काय होतं, त्यासाठी चार पायांचं डुगडुगणारं स्टूल पुरतं. तीन पायांची टोकं एक प्रतल ठरवतात, म्हणून तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही आणि तीन दगडांची चूल कुठेही मांडता येते. चौथ्या पायाचं टोक त्या प्रतलात असेलच असं नाही. तपासायचं असेल तर स्टूल उलटं करा आणि समोरासमोरच्या पायांच्या टोकांना दोन दोरे ताणून बांधा. मध्यभागी दोरे एकमेकांना नेमके टेकले, एकाने दुसऱ्याला दाबलं नाही आणि मध्ये फटही राहिली नाही, तर चारही टोकं एकप्रतलीय, म्हणजे एकाच प्रतलातली. फट राहिली तर नैकप्रतलीय. छेदणाऱ्या दोन रेषा एकच प्रतल ठरवतात, हा वर दिलेला तिसरा मार्ग इथे वापरला गेला.

आणखी दोन नियम याच जागी लिहून ठेवा. रेषेचे दोन बिंदू प्रतलात असतील तर ती सगळी रेषा प्रतलात असते. आणि दोन भिन्न प्रतलं एकमेकांना छेदत असतील तर रेषेत छेदतात, एका बिंदूत कधीच नाही.

एक गणित पूर्ण सोडवू: इष्टिकाचिती

गृहपाठातले निम्मे प्रश्न इष्टिकाचितीवर, म्हणजे खोक्याच्या आकारावरच असतात, म्हणून हे सावकाश करू. बुटांचं रिकामं खोकं समोर ठेवा आणि कोपऱ्यांवर नावं चिकटवा. तळाला क्रमाने अ, ब, क, ड. वर, अ च्या डोक्यावर प, ब च्या डोक्यावर फ, क वर म, ड वर न.

आकृती अशी काढा. समोरचा आयत अबफप, ६ सेमी रुंद, ४ सेमी उंच, त्यात अब खाली आणि अ डावीकडे. तेवढाच दुसरा आयत डकमन, २ सेमी उजवीकडे आणि २ सेमी वर सरकवून. मग अड, बक, फम, पन जोडा. ड हा कोपरा मागे लपतो, म्हणून त्याच्याशी जुळणाऱ्या डअ, डक, डन या तीन कडा तुटक काढा.

आता कागदाकडे नीट बघा. डक ही तुटक कड आणि बफ ही समोरची उभी कड एकमेकींवरून जातात. तसंच डन आणि पफ. कागदावर दोन छेदनबिंदू दिसतात, खोक्यात मात्र ते नाहीत. डक मागे आहे, बफ पुढे आहे, मध्ये खोक्याची अख्खी खोली आहे. मूल इथे 'बफ आणि डक छेदतात' असं लिहितं, आणि चिडण्यासारखं त्यात काही नाही, कागद तसंच दाखवतो. खोकं हातात असलं की प्रश्न मिटतो.

*पहिला प्रश्न: कड अब च्या संदर्भात बाकीच्या कडांचं वर्गीकरण करा.*
एकूण कडा १२, अब सोडून ११. अब ला समांतर: डक, पफ, नम. अब ला मिळणाऱ्या: अ पाशी अड आणि अप, ब पाशी बक आणि बफ. उरलेल्या चार: कम, डन, फम, पन. त्या अब ला मिळत नाहीत आणि समांतरही नाहीत, कारण अब आणि त्यांपैकी कोणतीही एक कड एका प्रतलात मावत नाही. ३ + ४ + ४ = ११, बेरीज जुळली. ही बेरीज उत्तराखाली लिहायची सवय लावा, एखादी कड सुटली असेल तर तिथेच पकडली जाते.

या शेवटच्या चार कडांमुळे एक नेहमीचं वाक्य कोसळतं. 'ज्या रेषा छेदत नाहीत त्या समांतर' हे अपुरं आहे. 'एकाच प्रतलात असून ज्या छेदत नाहीत' असं हवं. 'एकाच प्रतलात' हे शब्द गाळले की एक गुण गेला.

*दुसरा प्रश्न: अ, ब, म, न एकप्रतलीय आहेत का?*
बघताक्षणी 'नाही' म्हणावंसं वाटतं, कारण अब खाली समोर आणि नम वर मागे. पण रेषा अब आणि रेषा नम समांतर आहेत, आणि दोन समांतर रेषा एक प्रतल ठरवतात. म्हणून चारही बिंदू एकप्रतलीय. पुठ्ठ्याचा तुकडा कापून खोक्यात तिरका बसवा, चारही कोपऱ्यांना टेकेल.

*तिसरा प्रश्न: अ, ब, क, न?*
अ, ब, क नैकरेषीय आहेत, म्हणून त्यांचं प्रतल एकच, आणि ते म्हणजे तळ. न तळात नाही. म्हणून नैकप्रतलीय. उत्तर लिहिताना हाच क्रम ठेवा: आधी तीन बिंदूंनी प्रतल ठरवा, मग चौथा त्यात आहे का ते पाहा. 'आकृतीवरून दिसते' हे कारण म्हणून लिहू नका.

*चौथा प्रश्न: प्रतल अकमप आणि प्रतल बडनफ कशात छेदतात?*
हा माझा आवडता प्रश्न आहे. दोन्ही नावांत एकही अक्षर सामाईक नाही, म्हणून बरीच मुलं 'छेदत नाहीत' असं लिहून मोकळी होतात. तळाकडे बघा. पहिल्या प्रतलात तळाचा कर्ण अक आहे, दुसऱ्यात कर्ण बड. आयताचे कर्ण एकमेकांना छेदतात, त्या बिंदूला च म्हणू. च दोन्ही प्रतलांत आहे. वरही तेच, पम आणि फन हे कर्ण छ मध्ये छेदतात. दोन सामाईक बिंदू मिळाले, म्हणजे त्यांतून जाणारी सगळी रेषा दोन्ही प्रतलांत आली. उत्तर: रेषा चछ. आकृतीत नाव नसलेला बिंदू आपण नाव देऊन उत्तरात आणू शकतो, हे धाडस मुलांना इथे येतं.

*पाचवा, जरा लांबचा: आठ शिरोबिंदूंमधून (कोपऱ्यांमधून) एकूण किती रेषा जातात?*
कोणतेही तीन शिरोबिंदू एकरेषीय नाहीत, म्हणून २८. पडताळा घ्या: कडा १२, सहा पृष्ठांवरचे कर्ण प्रत्येकी २ म्हणजे १२, आणि खोक्याच्या आतून आरपार जाणारे अम, बन, कप, डफ हे ४. १२ + १२ + ४ = २८. नववीच्या मुलाने इथे थांबू नये. चार शिरोबिंदू ज्यांत येतात अशी प्रतलं किती? सहा पृष्ठं आणि सहा तिरकी, एकूण १२. ती नावांनिशी लिहून काढली तर हा भाग कायमचा पक्का होतो.

चूक की बरोबर: कारण कसं लिहायचं

'नेहमी', 'एकच', 'कधीच' हे शब्द आले की त्याखाली रेघ मारा. असं विधान चूक ठरवायला एक उदाहरण पुरतं, बरोबर ठरवायला मात्र नियम सांगावा लागतो.

'कोणतेही तीन बिंदू एकप्रतलीय असतात.' बरोबर. नैकरेषीय असतील तर त्यांचं एक प्रतल आहेच, एकरेषीय असतील तर त्या रेषेतून जाणारं कोणतंही घ्या.

'कोणत्याही तीन बिंदूंमधून एकच प्रतल जाते.' चूक. बिंदू एकरेषीय असतील तर असंख्य जातात, दाराच्या तीन बिजागऱ्या आठवा. वरचं आणि हे विधान मुद्दाम शेजारी ठेवून मुलाला विचारा, दोन्हींतला फरक सांगता आला की प्रकरण समजलं असं मी धरतो.

'चार बिंदू कधीच एकप्रतलीय नसतात.' चूक, खोक्याचा तळ.

'रेषेला मध्यबिंदू असतो.' चूक. मध्यबिंदू रेषाखंडाला असतो, रेषेला टोकंच नाहीत.

'दोन भिन्न रेषांना दोन सामाईक बिंदू असू शकतात.' चूक. असते तर त्या दोन बिंदूंतून दोन रेषा गेल्या असत्या, आणि पहिलाच नियम मोडला असता. नववीत अशा प्रकारचं कारण लिहायला शिकलेलं मूल पुढे अप्रत्यक्ष सिद्धतेला घाबरत नाही.

संख्यारेषेचे प्रश्न

हे सोपे आहेत, थोडक्यात सांगतो. संख्यारेषेवर बिंदूशी जोडलेली संख्या म्हणजे त्याचा निर्देशक. दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे मोठ्या निर्देशकातून लहान निर्देशक वजा. निर्देशक ५ आणि −३ असतील तर ५ − (−३) = ८. अंतर ऋण आलं तर वजाबाकी उलटी झालीये. 'अ चा निर्देशक २ आहे, अ पासून ५ एकक अंतरावरचे बिंदू शोधा' याची उत्तरं दोन, ७ आणि −३. डावीकडचं उत्तर विसरणं ही इथली ठरलेली चूक.

दरम्यानतेसाठी, म्हणजे तिघांतला मधला बिंदू कोणता हे ठरवायला, तीन अंतरं दिली की सगळ्यात मोठं वेगळं काढा आणि उरलेल्या दोघांची बेरीज त्याच्याइतकी येते का पाहा. अब = ७, बक = १०, अक = १७ असेल तर ७ + १० = १७, म्हणून अ-ब-क. मोठ्या अंतराच्या नावात जे अक्षर नाही, तो बिंदू मधला. अब = ७, बक = १०, अक = १२ असेल तर बेरीज १७ येते, १२ नाही. म्हणजे बिंदू नैकरेषीय, तिघांचा त्रिकोण होतो. आकृती सरळ रेघेवर काढलेली असली तरी हेच उत्तर.

सरावासाठी एक

तळावरचे अ, ब, क, ड हे चार बिंदू आणि तळाबाहेरचा एक बिंदू ट घ्या. अबकड आयत आहे. या पाच बिंदूंपैकी निदान तीन ज्यांत आहेत अशी प्रतलं किती? आधी स्वतः करा. तळ एक. मग ट आणि तळावरचे कोणतेही दोन बिंदू: अशा जोड्या ४ × ३ ÷ २ = ६, आणि प्रत्येक जोडीचं ट सोबत वेगळं प्रतल. एकूण ७. दोन जोड्यांचं प्रतल एकच का होऊ शकत नाही, याचं कारण वहीत दोन ओळींत लिहा. तसं झालं असतं तर तळावरचे तीन नैकरेषीय बिंदू त्या प्रतलात आले असते, मग ते प्रतल म्हणजे तळच ठरलं असतं, आणि ट तर तळाबाहेर आहे.